चार्जिंगचा पंप

२१ एप्रिल, सोमवार
आजपास्नं नवा धंदा. इलेक्ट्रिक गाड्यांचं कूलिंग. सगळी उमर गळक्या रेडिएटरला डाग देण्यात गेली. थंड करायचं ते थंड करायचं, इंजिन काय अन् बॅटरी काय. फराजला पटत न्हाय. म्हणतो, अब्बा, महिनाअखेर एक तरी इलेक्ट्रिक गाडी तुमच्या हातनं नीट झाली तर दुकान ठेवू, न्हायतर टाइल्सवाल्याला भाड्यानं देऊ. पोटच्या पोरानं अट घालावी. म्हटलं, मंजूर.

२३ एप्रिल
बोर्ड रंगवून घेतला. ‘येथे इलेक्ट्रिक गाड्या थंड करून मिळतील.’ इमामबी म्हणाली, पण गरम कुठं झाल्यात? बायकोला टेक्निकल सांगण्यात अर्थ न्हाय.

२५ एप्रिल, सकाळ
आला की अमरसिंह. गल्लीतलाच, टॅक्सी इलेक्ट्रिक. तक्रार: चार्जिंगला लावली की गाडी बंद असून पंखा घरघरतोय. गाडी बंद अन् पंखा चालू म्हणजे स्विच चिकटला. आमच्या लाइनीत शेंबडं पोरगंबी सांगंल.

संध्याकाळ
नुसता पंखा न्हाय, एक पंपबी चालू. कूलंट फ्लोअरखाली बॅटरीत फिरवतोय. किल्ली काढल्यावर फिरवायचं कशाला? फुकटचा करंट खातोय. पंपाची वायरच काढली. पंख्याचीबी. गाडी गप. अमरसिंह खूश. फराजला फोटो पाठवला. त्यानं विचारलं, कंपनीला फोन केला का? फोन खिशात टाकला.

२६ एप्रिल
ऊन लई हाय. खबरदारी म्हणून गाडीत पायाखाली ओली पोती अंथरली. बॅटरी बरोबर त्याच्याखाली. अमरसिंह म्हणाला, उद्या वऱ्हाड हाय की. म्हटलं, पायाला गारवा लागंल, दुवा देतील.

२७ एप्रिल, रविवार
वऱ्हाड गडहिंग्लजला. अमरसिंहचा फोन: कागलला चार्जिंग निम्म्यात बंद पडलं, लाल दिवा लागलाय, गाडी बैलगाडीच्या चालीनं जातीय. म्हटलं, नवीन पद्धत हाय, सवय लागंल. परत फोन: गाडी रस्त्यात उभी, नवरीच्या मावशीचा शालू भिजलाय. मागं मावशी बोलत हुती. कानडीत. समजलं न्हाय, बरं झालं.

२९ एप्रिल
गाडी कंपनीत. तिथला माणूस म्हणाला म्हणं, चार्ज होतानाच बॅटरी जास्त तापती, तवाच पंप लागतो, गाडी बंद का असंना. आणि पोत्यांचं पाणी खाली कनेक्शनात गेलंय. वॉरंटी गेली. अमरसिंह फोन उचलत न्हाय. चहाला सोबत असायचा. वाईट वाटतंय, लई वाईट. तरी आयडिया बरोबर हुती. पोती जरा पिळायला पायजे हुती.

३० एप्रिल
फराज आला. बोर्ड काढून घेऊन गेला. बहुतेक रंग नीट बसला नसंल.

२ मे, शुक्रवार
दुकानाला दुसरंच कुलूप. टाइल्सवाल्याचं. बाहेर पायरीवर बसलो. पेठ वडगावचा एक ट्रकवाला आला. रेडिएटर गळतंय म्हणाला. वाकून बघितलं. खालच्या टाकीला चीर. डोळं झाकून केलं असतं. कैक महिन्यांत असलं काम आलं न्हवतं. म्हटलं, बसा पावणं, पोरगा किल्ली घेऊन येतोयच.
पावणं बराच वेळ बसलं. मग गेलं.