उघाडीवर कोण आहे?

१४ जुलै
शपथ घेतली. खातं कृषी! मला!
बाबांनी शेतं बिल्डरला दिली तेव्हा मी शाळेत होते. मग वकिली, मग राजकारण. उरलेली दोन शेतं हौसाकाकी कसते, म्हणून सातबाऱ्यावर मी अजून शेतकरी. पत्रकारांनी विचारलं, पहिलं प्राधान्य काय? शेतकऱ्याचं उत्पन्न, म्हणाले. कुणी हसलं नाही, त्याचीच जास्त भीती वाटली.

१६ जुलै
सचिवांनी खात्याची प्राधान्यं मांडली — पीकविमा, हमीभाव, गोदामं, ड्रोन. सगळंच बरोबर. सगळंच पहिलं! मी मान डोलवत राहिले. कुणी एक साधा प्रश्न विचारला असता तर पितळ उघडं पडलं असतं.

१९ जुलै
काकी माझ्या विचुंब्याच्या फ्लॅटवर आली. पेढे नाहीत, कौतुक नाही, एकच काम. खाडीच्या बांधातलं पाण्याचं दार, आमची उघाडी, तिची झडप सडलीये. ओहोटीला शेतातलं पावसाचं पाणी बाहेर सोडायचं आणि भरतीआधी हातानं फळ्या घालून तोंड बंद करायचं, असं चाललंय. उधाणाला तिथं थांबायची घराघराची पाळी असते, पण मी तर कायम काकीलाच तिथं बघत आलेय. एकदा चुकलं की खारं पाणी भातात. लावणी नुकतीच झालीये.
सचिवांना फोन केला. खारभूमी आपल्या खात्यात येत नाही, पत्र पाठवतो, म्हणाले. काकीला सांगताना लाज वाटली.
"खातं कोनाचंबी असो," ती म्हणाली. "पानी इचारून येत नाय."

२२ जुलै
माझा पीए स्वानंद, त्यानं गावात सत्कार ठरवलाय. चोवीसला, सकाळी दहा. त्या दिवशी अमावस्या! अमावस्येची भरती आमच्याकडे बाराला चढते, हे शेंबडं पोरही सांगेल. अकराला आटपेल, स्वानंद म्हणतो. आपले कार्यक्रम कधी वेळेवर आटपलेत? दिवस बदला म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. मंत्रीणबाई भरतीला घाबरल्या, म्हणतील.
काकी असेलच उघाडीवर. असेलच.

२४ जुलै
नखांत अजून चिखल आहे.
ताफा कळंबोलीला अडकला. पोचले तेव्हा बारा वाजत आले होते. समाजमंदिर गच्च. बोलायला उभी राहिले आणि पहिल्या रांगेत काकी! नवं लुगडं, हातात हार. बाजूला सोनाबाई, कमळाकरदादा, सगळे. अख्खं गाव इथं! प्रत्येकाला वाटलं असणार, तिथं दुसरं कुणीतरी असेल. मलाही तेच वाटलं होतं.
माईकवरच विचारलं, "काकी, उघाडीवर कोन हाय?"
खुर्च्या पडल्या, सगळे धावत सुटले. मीही, चपला हातात घेऊन. पाणी आत शिरलं होतं. कमळाकरदादा छातीभर पाण्यात उतरला, आम्ही वरून फळ्या देत होतो. एकदा त्याचा पाय सुटला. दादा सावरला, कसंबसं तोंड बंद झालं. वरची शेतं वाचली. खालच्या अंगाची गेली, गुणाबाईचं तर सगळंच. काकी बांधावर बसून राहिली, हार हातात तसाच.

२५ जुलै
टीव्हीवर दिवसभर तेच. कुणी शाबासकी देतंय, कुणी नाटक म्हणतंय. वरून फोन आला — भाषण अर्धवट टाकायचं नसतं, सांभाळून राहा. सांभाळून म्हणजे काय, ते विचारायची हिंमत झाली नाही.

६ ऑगस्ट
काकीकडे गेले. गुणाबाईच्या शेतात रोपं जळून पिवळी पडलीत. कोण चुकलं ते कळायलाच हवं होतं. त्या दिवशी पाळी कुणाची होती, विचारलं. काकी भाकरी थापत राहिली.
"आपल्याच घराची. तुझा बा गेला तवापासून तुझी पाळी मीच करतंय. वाटला, येक डाव पोरीला हार घालावा नि उघाडीवर पलत जावा. तू उशिरा आलीस."

८ ऑगस्ट
उद्या नारळी पौर्णिमा, उधाण. पाळी दुसऱ्या घराची होती, मी मागून घेतली. झडपेचं पत्र अजून फिरतंय. मंत्रालयातली बाराची बैठक रद्द केली. स्वानंदला कारण सांगितलं — उद्या माझी पाळी आहे.
फळ्या कशा बसवतात, मला येत नाही.