ताई खोडते तो शब्द

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? भाऊजींचा खोकला थांबला का? इकडे सगळे मजेत आहेत, म्हणजे मी आहे. ही सध्या माझ्याशी मोजकंच बोलते. कारण पुढे येईलच.

आपला कॉम्प्युटर आजवर बटण दाबलं की उघडायचा, कोणालाही. शेजारचे वकील म्हणाले, हे म्हणजे दार सताड उघडं टाकून गावाला जाणं. मला पटलं. (पटलं नसतं तरी मी सेटिंगमध्ये शिरलोच असतो, तू मला ओळखतेस.) आत गंमतच होती. पासवर्ड घाला, थोडा वेळ हात लावला नाही तर आपोआप कुलूप, शिवाय विसराळू माणसासाठी एक खूण लिहून ठेवायची सोय. चोराला मराठी कुठून येणार, म्हणून पासवर्ड देवनागरीत घातला. खूण लिहिली, 'ताई खोडते तो शब्द'. आणि चहा करायला उठलो.

परत येतो तर यंत्र ओळखच दाखवेना, आणि तो शब्द मी चहाबरोबर गिळून बसलेलो. जन्मभर शिलाई मशिनं खोलून पुन्हा बसवली, पण ज्याला बाहेरून स्क्रूच नाही ते खोलायचं कसं? टाइप करावं तर अक्षरांऐवजी नुसते ठिपके. माझ्या पत्रांत तू खोडून परत पाठवलेले शब्द आठवले, शब्दकोशात पाहून अगदी शुद्ध टाइप केले. महत्त्व, उज्ज्वल, कवयित्री. एकही चालेना. मग डोक्यात उजेड पडला, की पासवर्ड घालताना मी शब्दकोश उघडलाच नव्हता. म्हणजे यंत्राला माझी चूक हवी आहे, आणि ठरवून चुकायला गेलं की मला चुकताच येत नाही. (करून बघ, मोठं नवल आहे.) माझ्या चुकांची जाणकार जगात तू एकटीच. मी कुठले शब्द कसे चुकवतो ते उलट टपाली कळव. रागावून लिहिलंस तरी चालेल.

हिच्या अबोल्याचं कारण आता सांगतो. तुझ्या शाळेच्या आठवणींचं पुस्तक त्या कुलपाआड आहे. दुसरीकडे कुठेच नाही, आणि तुझे मूळ कागद गळक्या टाकीखाली भिजून लगदा झाल्याचं तूच कळवलं होतंस. मला फार भीती वाटते आहे.

तुझा आशिर्वाद असू दे.

तुझा,
धाकटा

ता. क. पाकीट चिकटवण्याआधी हिने पत्र वाचलं, मुकाट्याने कॉम्प्युटरपाशी गेली आणि शेवटच्या ओळीतला 'आशिर्वाद' मी लिहिलाय तसाच, ऱ्हस्व शि देऊन टाइप केला. उघडलं. तुझं पुस्तक सुखरूप आहे.

आणखी एक. सुखरूप म्हणजे मी टाइप केलंय तसं. पहिलं पान वाचून हिने पुन्हा अबोला धरला. तेव्हा लाल पेन घेऊन तूच ये, तुझी फार आठवण येते. चुका महिनाभर सहज पुरतील. कमी पडल्या तर आणखी करीन.