पाच इंचाचं गेज

७ सप्टेंबर, शनिवार
ठरलं. छपराची शिंगल्स, म्हणजे ती डांबरी कौलं, मी स्वतः बसवणार. एकटा.

अट बायकोची, ट्रीनाची. फ्रेडरिक्टनच्या हॉस्पिटलने तिला लॅबमध्ये वरची जागा देऊ केली आहे. ती म्हणाली, मागच्या बेडरूममध्ये बादली ठेवून आणखी एक हिवाळा मी झोपणार नाही. ऑक्टोबरातल्या थँक्सगिव्हिंगपर्यंत छप्पर झालं तर नोकरीला नाही म्हणते आणि इथेच राहू. नाही झालं तर घर विकायचं आणि तिकडे जायचं. मी लगेच हो म्हणालो. घर सोडायचा प्रश्नच नाही. तिच्याही हिताचं हेच आहे. तसं तिला विचारायला हवं होतं का, यावर जेवणानंतर विचार केला. विचारून तिला उगाच पेचात टाकलं असतं.

गार्थ, म्हणजे ट्रीनाचा भाऊ, सरहद्दीच्या पुलापलीकडे मेनमध्ये राहतो. त्याने दोन मित्र घेऊन यायची तयारी दाखवली. वीकएंडमध्ये उडवून टाकू म्हणाला. उडवून टाकू, हाच शब्द. मी नको म्हणालो. गार्थ डोळ्याने मोजतो. मी सरकारी वजनमाप निरीक्षक आहे. पेट्रोलपंपावर लिटरमागे चमचाभर चूक निघाली तरी पंप बंद करतो. माझ्या डोक्यावर अंदाजाचं छप्पर शोभणार नाही.

हा अहंकार तर नाही? प्रामाणिकपणे तपासलं. नाही.

रात्री बीन्स.

८ सप्टेंबर, रविवार
गार्थ नऊला येतो म्हणाला होता. दहाला आला. पुलापलीकडे घड्याळ एक तास मागे असतं आणि वीस वर्षांत त्याने आमचा तास एकदाही हिशेबात धरलेला नाही. अशा माणसाकडे छप्पर सोपवणार होतो.

पण ओळींचं अंतर राखायचं त्याचं गेज आणलं. हे मानायला हवं की वस्तू सुंदर आहे. लोखंडाची जोडी. खालच्या ओळीच्या कडेला आकडा अडकवायचा, वरच्या टेकूवर नवं शिंगल ठेवायचं, खिळे मारायचे, पुढे सरकायचं. प्रत्येक ओळ खालच्या ओळीपासून नेमक्या तेवढ्याच अंतरावर. शिंगल धरायला दुसरा माणूस लागत नाही. हा त्याचा सगळ्यात मोठा गुण.

अंतर बदलायची खीळ गंजून पाचच्या भोकात बसली आहे. गार्थ म्हणाला, तेल घालून हातोडीने ठोक, निघेल. मी म्हणालो, राहू दे. जे हलत नाही ते चुकत नाही. ऑफिसच्या प्रमाणित पट्टीने तपासलं: पाच इंच म्हणजे पाच इंच. ऑफिसचा शिक्का लावायचा मोह झाला, पण तो गैरवापर ठरेल. साध्या चिकटपट्टीवर ‘तपासले’ लिहून सही केली.

गार्थ म्हणाला, इन्स्पेक्टर, छपरावरून पडलास तर पडतानाही मोजत जा. मी हसलो. मनापासून नाही.

१३ सप्टेंबर, शुक्रवार
शिंगल्स आली. रंग राखाडी-तपकिरी. जुन्या थरावरच बसवायची, एकदा चालतं. दुकानदार म्हणाला, थोडे गठ्ठे जादा घे, सगळेच घेतात. मोजून काम करणाऱ्याला जादा लागत नाही, असं मी त्याला शांतपणे सांगितलं. त्याने खांदे उडवले. मोजण्याबद्दल या गावात एकूणच अनास्था.

१४ सप्टेंबर, शनिवार
पहिला दिवस. पुढच्या पाख्यापासून सुरुवात. गळती मागच्या पाख्याला आहे हे मला माहीत आहे, पण रस्त्यावरून दिसतं ते आधी नीट झालेलं बरं. ट्रीना म्हणाली, पाऊस रस्त्यावरून बघत येत नाही. विनोद म्हणून बरा.

वळचणीपाशी उभं राहून खाली पाहिलं आणि लगेच बसलो. भीती नव्हे. आदर. नंतर बसूनच काम केलं. बसून माप जास्त अचूक लागतं असं लक्षात आलं.

शेजारच्या हेझल ल्यूस खुर्ची टाकून दुपारभर बघत होत्या. म्हणाल्या, राजा, आमच्या ह्यांनी अख्खं छप्पर दोन दिवसांत केलं होतं. मी वरून विचारलं, ओळी सरळ होत्या का. म्हणाल्या, कोण बघायला गेलंय. गळत नव्हतं.

चार ओळी झाल्या. चारही एकसारख्या. खाली उतरून रस्त्यापलीकडून पाहिलं. डोळे भरून आले. धूळही होती.

१५ सप्टेंबर, रविवार
धुकं. खाडीवरून आलं आणि बसून राहिलं. ओल्या छपरावर काम करू नये. निम्मा दिवस थांबलो, मग थांबायची सवय झाली.

गार्थचा फोन. मदत हवी का. नको.

२१ सप्टेंबर, शनिवार
काम जोरात. एक किरकोळ प्रसंग नोंदवून ठेवतो.

आढ्यापाशी मोजमाप बघत असताना हेझलबाईंना वाटलं मी जेवायला आत गेलो. त्यांनी सफरचंदं काढायला माझी शिडी नेली, झाडाला लावली आणि मग बहिणीच्या गाडीतून चर्चच्या विक्रीला गेल्या. ट्रीना ड्यूटीवर. मी अडकलो नव्हतो. फक्त उतरायची सोय नव्हती.

त्या वेळेचा उपयोग केला. सगळ्या ओळी पुन्हा तपासल्या. पोस्टमन आला; त्याला हाक मारली नाही, कारण त्याचं काम वेगळं. मग एका बाईने कुत्रा फिरवत असताना हात केला. मीही केला. संध्याकाळी ट्रीना आली, खालून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, तू हाक का नाही मारलीस कुणाला. काय सांगायचं म्हणून, छान वारा होता, असं सांगितलं.

ती शिडी आणायला गेली. झाडाखाली जरा वेळ थांबली होती. बहुधा सफरचंदं बघत असेल.

२९ सप्टेंबर, रविवार
पुढचं पाखं पूर्ण. फोटो काढले. एकही ओळ रेसभर वरखाली नाही. गाड्या हळू होतात आमच्या घरापाशी. तिथे खड्डा आहे, पण त्याआधीच हळू होतात.

ट्रीनाला विचारलं कसं दिसतं. म्हणाली, दाट दिसतं. दाट. चांगला शब्द आहे. इतर घरांची छपरं बघितली. आमच्यापुढे विरळ वाटतात. पाच इंचांची शिस्त त्यांच्यात नाही.

गठ्ठे निम्म्याहून जरा जास्त संपले. मागच्या बाजूला कमी लागतील. का लागतील ते आत्ता सांगता येत नाही, पण तिकडे कोणी बघत नाही.

ट्रीनाने हॉस्पिटलला अजून कळवलेलं नाही. मी म्हणालो, आता कळवायला हरकत नाही. म्हणाली, मागचं होऊ दे. विश्वास ठेवायला माणसाला काय जातं.

५ ऑक्टोबर, शनिवार
शिंगल्स संपली.

मागच्या पाख्यावर आढ्याखाली कमरेइतकी पट्टी उघडी आहे. नेमकी गळतीच्या वर. दुकानाने गठ्ठे कमी दिले, दुसरा अर्थ निघत नाही. पेशाने मी त्या दुकानाची तपासणी करू शकतो. पण स्वतःच्या मालासाठी करावी का? दोन तास खुर्चीत बसून विचार केला. शेवटी साधं गिऱ्हाईक म्हणून गेलो. फक्त ओळखपत्र खिशातून थोडं बाहेर ठेवलं.

दुकानदाराने माझ्या सहीची पावती दाखवली. गठ्ठे बरोबर होते. रंग आता येत नाही. शेवटचा लॉट होता, जादा घे म्हणालो होतो, असं तो म्हणाला. आवाजात समाधान होतं असं मला वाटलं. कदाचित नसेलही.

६ ऑक्टोबर, रविवार
ट्रीना शेगडी पेटवायला गठ्ठ्यांचे कागद फाडत होती. एक तिने वाचला. मी वाचले नव्हते. हातात गेज असताना कागद वाचणं म्हणजे गेजवर अविश्वास.

ती म्हणाली, एव्हरेट, पाच इंच म्हणजे किती मिलिमीटर?

एकशे सत्तावीस, मी लगेच म्हणालो. झोपेतून उठवलं तरी सांगीन.

यावर एकशे त्रेचाळीस लिहिलंय, ती म्हणाली. ही मेट्रिक शिंगल्स आहेत. प्रत्येक ओळ इतकी उघडी ठेवायची असं चित्र आहे. इंग्रजीत आहे, फ्रेंचमध्ये पण आहे.

मी कागद घेऊन दोन्ही भाषांत वाचला. फ्रेंचमध्येही तेवढंच होतं.

ट्रीना खाली बसली. हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. म्हणाली, अख्ख्या प्रांताचे पंप तू तपासतोस.

मी समजावलं की गेज चुकलेलं नाही. गेज पाच म्हणतं आणि पाच देतं. ते पलीकडचं, इंचवाल्यांचं आहे आणि पलीकडच्या जुन्या शिंगल्सना अगदी बरोबर आहे. शिवाय ओळी जवळ आल्यामुळे शिंगल्स थोडी जास्त गेली असतील, पण जिथे छप्पर आहे तिथे ते नको तितकं पक्कं आहे. ती म्हणाली, जिथे आहे तिथे.

गार्थला फोन केला, केवळ माहितीसाठी. तो इतका हसला की त्याच्या बायकोने फोन घेतला. मग परत आला आणि म्हणाला, तुमच्याकडचं सगळंच पुढे बाबा, तासही आणि इंचही. पण पुढचं नीट बोलला. मी आणि पोरं येतो, मिळेल त्या रंगाची टाकू, एका दिवसाचं काम आहे, लोक विसरतील. मी म्हणालो, दोन रंगांचं छप्पर मी माझ्या नावावर लावणार नाही. तो म्हणाला, नाव कोण वाचतंय तिथे. तुला छप्पर पाहिजे की बरोबर ठरायचंय?

प्रश्न चांगला आहे. यावर नीट विचार करायला हवा. वेळ मिळाला की करीन.

१२ ऑक्टोबर, शनिवार
योजना: पुढच्या पाख्याच्या ओळी काढून योग्य अंतराने पुन्हा लावायच्या, वाचलेली शिंगल्स मागे न्यायची. गणित बिनचूक जमतं. दोन ओळी उपसल्या. शिंगल्स फाटतात. हे गणितात नव्हतं.

संध्याकाळी पाऊस. उघड्या पट्टीवर ताडपत्री बांधली. निळी. पुढे उपसलेल्या जागीही एक तुकडा. समान अंतरावर दोर बांधले.

१४ ऑक्टोबर, सोमवार, थँक्सगिव्हिंग
टर्की. गार्थचं कुटुंब आलं. छपराबद्दल कोणी बोललं नाही, त्यामुळे सगळे फार मोठ्याने बोलत होते.

जेवणानंतर ट्रीनाची घरं विकणारी मैत्रीण आली. गाडीतून उतरली, वर बघितलं, घराला एक फेरी मारली. म्हणाली, ताडपत्रीसकट कोणी हात लावणार नाही. विमा मिळणार नाही. वसंतापर्यंत विकायचं नाव काढू नका.

म्हणजे घर विकलं जाणार नाही. म्हणजे मला जे हवं होतं तेच. मी ट्रीनाला म्हणालो, बघ, राहिलं की नाही घर. तिने माझ्याकडे नवा माणूस बघावा तसं बघितलं, फोन घेतला आणि मागच्या बेडरूममध्ये जाऊन दार लावलं. बराच वेळ बोलत होती. हॉस्पिटलशी. सुट्टीच्या दिवशीही लॅबमध्ये कोणीतरी असतं.

गार्थ भांडी पुसत होता. म्हणाला, इन्स्पेक्टर, अजून सांग, उद्या येतो. मी म्हणालो, वसंतात बघू.

३ नोव्हेंबर, रविवार
ट्रीना आज गेली. हॉस्पिटलजवळ खोली घेतली आहे, एका सहकारिणीबरोबर. शुक्रवारी येत जाईन म्हणाली, रस्ता बरा असला तर. दोघांच्या हिताची व्यवस्था. तिला नोकरी, मला घर. असं काही मी सुचवलं नव्हतं, पण सुचवू शकलो असतो.

मी बेडरूम बदलली. पुढच्या बाजूला झोपतो. तिथे पाणी येत नाही, फक्त ताडपत्रीचा आवाज.

८ नोव्हेंबर, शुक्रवार
दिवसभर ऊन. घर झाडलं. चावडर, म्हणजे माशाचं दाट सूप केलं, दोघांपुरतं.

संध्याकाळी ट्रीनाचा फोन. या आठवड्यात जमत नाही, शिफ्ट लागली आहे. मी म्हणालो, इथे रस्ता अगदी कोरडा आहे.

म्हणाली, हो, इकडेही.