पोरीच्या हातचा जॉब

ती. अण्णा,

इंजिनिअरिंगच्या वर्कशॉपसाठी लोखंडाच्या तुकड्याचा जॉब मी तीन दिवस कानशीने घासला, तुम्ही शिकवलं तसा. सर म्हणाले, "चमकत नाय. औरंगपुऱ्यातल्या दुकानातून तयार आण, सगळे आणतात. नायतर वर्ष गेलं समज."

व्यासपीठावरून व्यवस्थेवर तुटून पडणारी तुमची पोर मुकाट्याने गेली, विकतचा आणला, पास झाली.

काल तुम्ही त्या जॉबच्या कडेवरून अंगठा फिरवलात. शेंद्र्याच्या कारखान्यात वीस वर्षं फिटर असलेल्या माणसाला मशीनचं काम कळलं नसेल? तरी पाहुण्यांना म्हणालात, "आमच्या पोरीच्या हातचा हाय!"

सरांचा राग मी भाषणात काढीन. तुमचा कुठे काढू?

माझ्या हातचा जॉब माझ्याच पेटीत आहे. हे पत्रही तिथंच ठेवते.

तुमच्यासारखीच गप्प,
तनुजा