रेघ कोणाची?

४ फेब्रुवारी

चि. खुडबुड्यास अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

इकडे ठीक. गुडघे कुरकुरतात, मी ऐकल्यासारखं करत नाही. आज लिहायचं कारण वेगळंच. माझी जुनी विद्यार्थिनी, आता भूकंपांच्या नोंदी अभ्यासते ती, परवा घरी आली होती. तिच्या प्रयोगशाळेत नवे कॉम्प्युटर आलेत आणि त्यांवर आपली ‘रेघ’ उघडतच नाही म्हणे. ती आणि तिचे सोबती फुकटात दुरुस्ती करायला तयार आहेत. त्यांनी तुला मेलवर मेल केल्या आणि तू ढिम्म! रेघ जिथे ठेवली आहे तिथला पासवर्ड तर एकट्या तुझ्याकडे.

ती गेल्यावर मी तळघरातली आपली प्रयोगशाळा आठवत बसले. मी प्रबंधासाठी तारा तापवून आकडे टिपायची, आणि हातानं आलेख काढून माझी मान मोडते म्हणून तू सुट्टीचे दिवस घालवून ‘रेघ’ हा प्रोग्रॅम लिहिलास. आकडे ओतले की प्लॉटरचं पेन करकरत कागदावर वक्ररेषा काढायचं. एकदा तांबडी शाई अर्ध्यात संपली नि तू हिरवं पेन खोचलंस. परीक्षकांनी विचारलं, तार इथून पुढे हिरवी का? मी गंभीर चेहरा करून म्हटलं, इथून तिचा स्वभाव बदलतो. त्यांनी मान डोलावली!

असो. मागच्या पत्रात तुझ्या ओळी एकमेकींच्या अंगावर का चढल्या होत्या? अक्षर तर तुझं मोत्यांसारखं.

लोभ आहेच, उत्तर तेवढं नाही. ते पाठव.

तुझी,
ताई

१५ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पेन भिकार आहे, दुसरं काही नाही.

तुझ्या भूकंपवालीला सांग, दुरुस्ती म्हणता म्हणता ही मंडळी रेघेचा चित्र काढणारा सगळा भागच उपटून टाकणार आहेत. ‘काका, जुना झालाय’ असं लिहितात. अगं, ठिपक्यांतून रेषा कशी वळवायची यावर मी अख्खा उन्हाळा घालवला. तू मागे स्टुलावर बसून, इथे पोट फार सुटलंय, जरा आत घे, असं शिंप्याला सांगावं तसं सांगायचीस. ते यांना काय ठाऊक?

तेव्हा तो यंत्रविक्या रेघ विकत मागत होता, आठवतं? तू त्याला म्हणालीस, मोजमाप काय कोणाच्या बापाचं आहे! मग ज्यानं मागितली त्याला आपण ती वाटली. माशांची वाढ मोजणारे, दुधाची तपासणी करणारे, कोण कोण लोक आभाराची पत्रं पाठवायचे. माझी सकाळ ती वाचण्यात जायची. हल्ली वाचन कमी केलंय. सवड नसते.

तुझा,
खुडबुड्या

२ मार्च

चि. खुडबुड्यास आशीर्वाद, आणि एक धपाटा.

सवड नसते काय! तू पत्रात ज्या गोष्टीला बगल दिलीस तिच्यासाठी मी वहिनीला फोन केला. तिनं आधी हवापाण्याचं सांगितलं, मग रडली. नजरेचा मधला भागच गेलाय, डॉक्टर म्हणतात आहे ते टिकवू, गेलेलं येणार नाही. आणि तू चहा कपाच्या शेजारी ओतून वर कपालाच दोष देतोस. वेड्या, मला सांगायला काय झालं होतं? लहानपणी तुझ्या पायात काटा मोडला तरी आधी मला कळायचं.

रागावले नाही. घाबरले आहे. पण एक बोलते. आपण रेघ वाटली तेव्हा सोबतच्या कागदावर लिहिलं होतं, हिचं पोट उघडून बघा, हवं ते बदला, आणि बदललेलीही अशीच वाटा. मी नुसतं ‘वापरा’ म्हणत होते. ‘बदला’ हा शब्द तू हट्टानं घातलास. लेक सासरी धाडायची आणि तिनं केस कसे विंचरावे तेही आपणच सांगायचं, हे चालायचं नाही रे.

माझ्यासाठी एकदा त्यांच्याशी बोल.

जीव तुझ्याकडे लागलेला,
ताई

२१ मार्च

ती. ताईस शि. सा. न.

ही लिहून घेते आहे, तेव्हा अक्षर सुंदर आणि मजकूर सोवळा समजावा.

बोललो. फोनवर चार-पाच जण होते. मी भांडायच्या तयारीनं बसलो होतो. त्यांनी मला विचारलं, नवी वक्ररेषा पाठवली होती ती कशी वाटली? मग तोंडातून निघून गेलं, की मला ती दिसत नाही. म्हणून उत्तरं देत नव्हतो. ताई, हिच्याखेरीज कोणापाशी हे पहिल्यांदाच बोललो. मग तुझी भूकंपवाली हळूच म्हणाली, काका, तुमचा जुना भाग काढायचा तो याचसाठी. आमच्यात एक जन्मांध सोबती आहे. नव्या भागात रेषा ऐकूही येते. आकडा मोठा तर सूर वर, लहान तर खाली.

मी पासवर्ड देऊन टाकला. फोन ठेवल्यावर हिच्यापाशी कुरकुरलो. आलेख काय ऐकायची गोष्ट आहे? ही म्हणते, आधी ऐका, मग नाकं मुरडा.

तर एक काम कर. काहीतरी मोजून मला फाइल पाठव, स्वतःच्या हातानं. जन्मभर स्टुलावर बसून हुकूम सोडलेस, आता खुर्चीत बस.

तुझा,
खुडबुड्या

९ एप्रिल

चि. खुडबुड्यास आशीर्वाद.

बसले बाबा खुर्चीत. नवी रेघ उघडली, दोनदा बंद पडली, एकदा मीच पाडली. भूकंपवालीला इतके फोन केले की ती आता हॅलोऐवजी ‘काय झालं’ म्हणते. पण जमलं! फाइल मेलनं धाडली आहे. काय मोजलं ते सांगणार नाही. ओळख.

वाट बघणारी,
ताई

१४ एप्रिल

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

आज हिला बाजूला बसवून स्वतः लिहितो आहे. ओळी भांडल्या तर भांडू देत.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखं वाटलं. दुसऱ्यांदा डोळे मिटले. सूर उंचावर सुरू झाला, भरभर खाली आला, मग जसजसा खाली येईल तसतसा रेंगाळायला लागला. शेवटी तर उतरतो आहे की नाही तेही कळेना. आणि ताई, माझ्यापुढे ती रेषा उभी राहिली. अख्खी, मधल्या भागासकट. गेल्या वर्षभरात मला एवढं स्पष्ट काही दिसलं नव्हतं. हिनं विचारलं, का रडता? म्हटलं, पाणी निवतंय.

उकळतं पाणी पातेल्यात ओतून, थर्मामीटर खुपसून, झाकण ठेवून बसली होतीस. बरोबर? आणि मध्ये एके ठिकाणी सूर अचानक घसरतो, मग पुन्हा सावरतो. तिथे तू झाकण काढून बघितलंस.

तुला मेलीला कधी धीर म्हणून नव्हता.

तुझाच,
खुडबुड्या