बिल तुझ्या नावाचं, बिजागरी माझी

यवत,
९ जानेवारी २०२६

चि. रविराज यास प्रतिभाअक्काचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे ठीक. तुमचंही ठीक असेलच. तू दुकानाला गेलास की आईचा फोन येतो. तुझ्या दुकानापुढं रस्ता खोदून ठेवलाय आणि तू बीपीच्या गोळ्या वेळेवर घेत नाहीस, एवढ्या बातम्या मला पुरतात.

वर्षानं पत्र आलं म्हणून घाबरू नकोस. जमिनीचा विषय काढणार नाही. विषय लॅपटॉपचा आहे, गेल्याच्या गेल्या भाऊबीजेला तू ओवाळणीत घातलास त्या.

त्याची डाव्या बाजूची बिजागरी तुटली. पडला नाही, आपटला नाही, त्यावर कुणी बसलं नाही. सकाळी गाळा उघडून झाकण वर करायला गेले, तर आतून कट् आवाज आला, कडेचं प्लास्टिक उचकटून वर आलं आणि स्क्रीन मोडक्या पंखासारखी लोंबायला लागली. वॉरंटी संपून एकोणतीस दिवस झाले होते. कंपनीचे इंजिनिअर हुशारच म्हणायचे. वर्षाच्या बोलीची वस्तू नेमकी वर्षभरच टिकवणं सोपं काम नाही.

माझा धंदा तुला ठाऊक आहे. स्टँडजवळच्या आठ बाय दहाच्या गाळ्यात लोकांचे अर्ज, भाडेकरार आणि लग्नपत्रिका टाईप करते. लॅपटॉप बंद म्हणजे मी बंद. म्हणून एक दिवस मोडून पुण्याला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेले. एसी होता, पाण्याचा जार होता, टोकन होतं. काउंटरवरच्या मुलीनं लॅपटॉप न उघडताच निदान केलं.

"मॅडम, हे फिजिकल डॅमेज आहे."

"मग काय आध्यात्मिक असायला हवं होतं?"

"म्हणजे कस्टमरकडून झालेलं. जोरात उघडला असेल तुम्ही."

"उघडायचा नसतो का? तसं खोक्यावर लिहायचं होतं."

ती हसली नाही. स्क्रीनसकट वरचा अख्खा भाग बदलावा लागेल म्हणाली आणि लॅपटॉपच्या अर्ध्या किमतीचा आकडा कागदावर लिहून दिला. वर सल्लाही, "एवढ्यात नवीनच घ्या ना मॅडम, एक्स्चेंज ऑफर चालू आहे." नुसती बिजागरी मिळेल का विचारलं, तर म्हणे सुटा पार्ट येत नाही. बिजागरी मोडली म्हणून दार-चौकट-भिंत बदला, असा हा सुताराचा नवा अवतार.

परत येताना तशीच मेहमूदभाईंकडे शिरले. तुला आठवतील. आप्पांचा रेडिओ त्यांनीच दुरुस्त केला, विहिरीची जळालेली मोटार त्यांनीच भरली, पुढं मोबाईल आले, आता लॅपटॉप. डोळ्यांवर दोन चष्मे चढवून त्यांनी माझा उघडला आणि माझ्यापुढं धरला.

"हे बघा अक्का. बिजागरी पोलादाची, आन् तिचे स्क्रू धरायला ह्या प्लास्टिकच्या बोंड्या. म्हंजी बैल सुतळीला बांधल्यागत झालं. ह्यो तुटणारच. तुमी फुंकर मारून उघडला आसता तरी तुटला आसता."

मग त्यांनी फळीवरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. आत बिजागऱ्या. एकाच मॉडेलच्या, सगळ्या डाव्या, सगळ्यांच्या बोंड्या एकाच जागी उखडलेल्या. माझी धरून सात. एक दौंडच्या मास्तरांची, एक केडगावच्या मेडिकलवाल्याची. सगळ्यांना कंपनीनं एकच उत्तर दिलं होतं, तुम्हीच मोडली.

"सात घरची सात माणसं ठरवून एकाच जागी मोडत्यात व्हय?" मेहमूदभाई म्हणाले. "मला तर येवढी एकी एका घरात बी दिसली न्हाई."

हे त्यांनी सहज म्हटलं. मला लागलं ते सोडून दे.

तिथून माझं डोकं फिरलं. ग्राहक हेल्पलाईनला फोन लावला, रात्री बसून कायदा वाचला. लोकांचे अर्ज टाईप करताना एवढी वर्षं फक्त बोटं चालवली, पहिल्यांदा डोकं चालवलं. वॉरंटी संपली म्हणजे हक्क संपला असं नाही. घडणीतच खोट असेल तर नंतरही दाद मागता येते. एवढ्याशा रकमेला आयोगाची फी नाही आणि वकीलही लागत नाही, आपलं आपण बोलायचं. बोलण्यात मी कधी कमी पडले ते तू सांग.

कंपनीला नोटीस पाठवली. चक्क उत्तर आलं, तेही नम्र. 'आपण आमच्या ग्राहक नाही.'

बिलाची प्रत सोबत होती. खरेदीदार: गेणबा कृषी सेवा केंद्र, मार्केट यार्डाजवळ, शिरूर. खाली तुझा जीएसटी नंबर.

तू तेव्हाच सांगितलं होतंस, "अक्का, बिल दुकानाच्या नावानं फाडलंय, तेवढाच टॅक्स सुटतो." मी हसले होते. बहिणीची ओवाळणी युरियाच्या पोत्यांशेजारी जमा झाली, यात मला तेव्हा तुझी हुशारीच दिसली. कंपनीनं आता तेवढंच बोट धरलंय. दुकानानं धंद्यासाठी घेतलेली वस्तू, तुम्ही कोण?

यावरही कायद्यात तोड आहे. खरेदी करणाऱ्याच्या संमतीनं वस्तू वापरणारा माणूसही ग्राहकच. म्हणजे मला तुझ्या संमतीचा कागद हवा. जिनं तुला पाठंगुळी घेऊन मेंढरांमागं कासुर्डीचं सगळं माळरान पालथं घातलं, तिला पन्नाशीला टेकल्यावर तुझी संमती!

आता तू मनात म्हणशील, अक्काला सही लागली. गेल्या संक्रांतीला तुला माझी लागली होती. तिळगुळाच्या डब्याखाली तू हक्कसोडीचा कागद ठेवला होतास, कासुर्डीच्या जमिनीतला माझा वाटा मी राजीखुशीनं सोडल्याचा. मी सही केली नाही. तू अर्धा चहा तसाच ठेवून उठलास.

विषय काढणार नव्हते. निघाला.

आठवड्याला दोन हक्कसोडपत्रं मी स्वतः टाईप करते, रविराज. 'कोणत्याही दबावाशिवाय' हे शब्द येतात तेव्हा समोर बसलेल्या बाईकडे बघायचं नाही, असा मी नियम केलाय.

तेव्हा सहीच्या बदल्यात सही असला बाजार मी करणार नाही. द्यायचा तर कागद सरळ दे. पंधरा दिवस वाट बघेन.

अर्जदार,
प्रतिभाअक्का


यवत,
२ फेब्रुवारी २०२६

चि. रविराज यास आशीर्वाद.

तुझं पाकीट मिळालं. वर पत्ता तुझ्या अक्षरात होता, म्हणून फोडायच्या आधी थोडा वेळ टेबलावर ठेवलं.

आत दोन कागद निघाले. पहिला दुकानाच्या लेटरहेडवर: 'सदर लॅपटॉप आमच्या फर्मच्या मालकीचा असून तो सौ. प्रतिभा यांना तात्पुरत्या वापरासाठी देण्यात आला आहे.' दुसरा कागद हक्कसोडीचा. मी सही जिथं करायची तिथं पेन्सिलीनं फुली. एकाबरोबर दुसरा. अशा ऑफरी मी फक्त सर्व्हिस सेंटरला पाहिल्या होत्या.

हक्कसोडीत नऊ चुका आहेत. तुझ्या वकिलाच्या टायपिस्टनं आप्पांचं गेणबा हे नाव गणपत लिहिलंय. गणपत कोण? ज्या बापाची जमीन सोडायची, तो तरी आपलाच असू दे. लाल पेनानं सगळ्या दुरुस्त करून कागद परत पाठवते आहे, सहीविना. दुरुस्तीचे पैसे घेत नाही, घरचं काम आहे.

लेटरहेडही परत पाठवते आहे. त्याचा उपयोग उरला नाही. पंधरा दिवस म्हटलं होतं, सोळाव्या दिवशी तक्रार दाखल केली. तुझं पाकीट त्यानंतर आलं.

आता दोन गोष्टी कबूल करते.

पहिली. मागचं पत्र मी कशावर टाईप केलं होतं असं तुला वाटलं? लॅपटॉप तेव्हाच चालू झाला होता. मेहमूदभाईंनी प्लास्टिकच्या बोंड्या काढून पितळेचे नट बसवले, भोवती भरणा केला आणि दिवसभर शिकंज्यात दाबून ठेवला. चार लग्नपत्रिकांच्या मजुरीत काम झालं. "आता लॅपटॉप जाईल, बिजागरी ऱ्हाईल," म्हणाले. म्हणजे माझं पोट अडलेलं नव्हतं. भांडायचं होतं म्हणून भांडते आहे. कंपनी मोडकी वस्तू विकते आणि वर आपल्यालाच हात जड म्हणते, हे मला सहन होत नाही. सातांपैकी चार जणांनी लिहून दिलंय. मेहमूदभाईंनी आयुष्यात पहिल्यांदा तज्ज्ञ म्हणून सही केली, तीही तीन वेळा पुसून घेतलेल्या चष्म्यातून. डबा मी सोबत नेणार आहे.

आणि लॅपटॉप माझाच, याला पुरावा म्हणून तुझ्या बायकोनं, शितलनं काढलेला भाऊबीजेचा फोटो लावलाय. ताटात निरांजन आणि ताटाला टेकून लॅपटॉपचा खोका, वरचा नंबर स्वच्छ वाचता येतो. तुझ्या कपाळावरचा टिळा वाकडा आलाय. तू कॅमेऱ्याकडे बघत नाहीयेस, माझ्याकडे बघतोयस, मला आवडला की नाही ते.

दुसरी. कागदाची गरज नव्हती, तरी मागितला. तो फोटो मी वर्षभर बघते आहे. त्या भाऊबीजेपासून संक्रांतीपर्यंत अडीच महिने होते. त्या अडीच महिन्यांनी मला वर्षभर झोप दिली नाही. तू मला दिलीस ती ओवाळणी होती, की जमिनीच्या व्यवहाराचा विसार? एवढंच मला कळायला हवं होतं. ते तोंडानं विचारायला जीभ वळली नाही. सगळीकडे वळते, तिथंच नाही.

आईला सांगितलं होतं की या भाऊबीजेला मी पुण्याला गेले. गेले नव्हते. गाळा बंद ठेवून ताट तयार करून बसले होते. निरांजनातलं तूप दुसऱ्या दिवशी बरणीत परत ओतलं.

पाकीट आल्यावर आईला फोन केला. म्हणाली, "त्यानं तीन येळा लिवलं आन् फाडलं. मग वकिलाचा माणूस आला, त्यानं सांगितलं तसं लिवलं. पहिल्या तीन कागदांत काय व्हतं ते मला न्हाई म्हाईत. पर तुमच्या सह्यांच्या मधी मला नगा तुडवू बाबांनो."

मला ते पहिले तीन कागद हवे आहेत, रविराज. चौथा नको.

आता जमिनीचं, एकदाच. बिल तुझ्या नावाचं होतं आणि लॅपटॉप मी वापरला. त्यानं आपलं काही बिघडलं नाही, बिघडली ती बिजागरी. सातबाऱ्यावर माझं नाव राहील आणि जमीन तू कस. मी ती विकणार नाही, बांधावर उभी राहून पोती मोजणार नाही. हायवेला भाव आलाय म्हणून कुणी मला भेटायला आलं तर त्याला चहासुद्धा देणार नाही. पण नाव काढणार नाही. ज्या दिवशी नाव काढेन त्या दिवशी कासुर्डीला मी पाहुणी म्हणून येईन, आणि मेंढरांमागं तुला पाठीवर घेऊन हिंडलेली बाई तिथली पाहुणी नाही. तुझी संमती असो नसो.

तक्रारीची पहिली तारीख १७ मार्चला आहे, पुण्याला. शिरूरहून सकाळची एसटी मिळते. साक्षीदार म्हणून नको, कंपनीला मी एकटी पुरे आहे. डबा जड आहे, तो धरायला कुणीतरी लागेल.

सोबत एक कोरा कागद घातलाय. लेटरहेड नको, शिक्का नको, वकील नको. त्यावर तुझ्या हातानं एकच ओळ लिही: हा लॅपटॉप मी माझ्या बहिणीला भाऊबीजेला दिला. खरं असेल तरच लिही. खरं नसेल तर कागद कोराच परत पाठव, तोही मी जपून ठेवेन. हा कागद आयोगापुढं जाणार नाही.

गोळ्या वेळेवर घे.

तुझ्या बिलावर नसलेली, सातबाऱ्यावर असलेली,
अक्का