तुमच्या चवीचा चहा

तीर्थरूप बाबा,
लांबूनच पायांवर डोकं ठेवते.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुमचा गुडघा कसा आहे?

आई गेल्यापासून तुम्ही चहा सोडलात, असं दादा फोनवर म्हणाला. मीही इथे तिच्यासारखा करायला गेले, पण घोट घशाखाली उतरेना. शेजारची शिंपीणबाई म्हणाली, "अगं, तिचा कशाला करतेस? तुला आवडेल तसा कर."

मग साखर निम्मी केली, आलं जास्त ठेचलं, गॅस बारीक करून रंग येईस्तोवर तिथेच उभी राहिले. सावकाश प्यायले. रडले, पण कप संपवला.

बाबा, तुम्हीही करून बघा. बिघडला तर बिघडू दे. तुम्हाला कडक आवडतो की दुधाळ, हे फक्त आईला ठाऊक होतं. मला कळवाल?

तुमची,
धाकटी